सासूबाईंचा स्वेटर, कवळी आणि ४८ तासांचा नियम

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारी दुपारी नेहमीप्रमाणे सासूबाईंना, म्हणजे आमच्या माईंना, भेटायला गेले होते. इथे ओकव्हिलमधल्या एका केअर होममध्ये त्या दोन वर्षांपासून आहेत. होमचं नाव मुद्दामच देत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं कुठेही घडतं. लाउंजमध्ये पाऊल टाकलं आणि समोर माईंचा जांभळा स्वेटर दिसला. सांगलीच्या ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, स्वतः विणून पाठवलेला. तो घालून एक इटालियन आजी खिडकीशी मजेत ऊन खात बसल्या होत्या. आणि आमच्या माई? जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलेल्या, इस्त्रीच्या साडीशिवाय कधी दारातही न आलेल्या माई, कुणा आजोबांचा 'टोरांटो मेपल लीफ्स' लिहिलेला निळा स्वेटशर्ट घालून टीव्हीसमोर बसलेल्या.

पहिल्यांदा हसूच आलं. ताईंना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, त्याही हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "अगं, पण तिला कळत नाही का, हे आपलं नाही म्हणून?"

नाही कळत. आणि इटालियन आजींनाही कळत नाही. मी हळूच विचारलं तर त्या म्हणाल्या, हा स्वेटर माझ्या आईनं विणलाय. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. हातानं विणलेली लोकर बोटांना लागली आणि त्यांना त्यांची आई आठवली, इतकंच. तिथल्या मुलीनं संध्याकाळी गोडीगुलाबीनं तो काढून घेतला, लाँड्रीत टाकला आणि तीन दिवसांनी तो माईंच्या कपाटात परत आला तेव्हा पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा झाला होता. एवढी माणसं असतात तिथली मशिनं गरम पाण्याची आणि कडक ड्रायरची. लोकर त्यात टिकत नाही.

स्वेटरचं एक वेळ सोडा. जानेवारीत माईंची कवळी हरवली, आणि तेव्हा मात्र हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही हे समजलं.

त्या आठवड्यात घरात आम्ही सगळे फ्लूनं आडवे होतो, त्यामुळे दहा-अकरा दिवस कुणाचंच जाणं झालं नाही. फोनवर कळायचं, की माई नीट जेवत नाहीत, ताट बाजूला सारतात. मग कळलं की त्यांना आता मिक्सरमधून काढलेलं जेवण सुरू केलंय. आजार पुढच्या पायरीवर गेला असावा, असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या नवऱ्यानं सांगलीला फोन करून ताईंना तिकीट बघायलाही सांगितलं. बरं वाटल्यावर मी गेले, माईंनी तोंड उघडलं, आणि दिसलं की वर-खाली दोन्ही कवळ्या नाहीत. जेवण नाकारत होत्या असं नाही, चावताच येत नव्हतं. खालची कवळी त्यांच्याच हिवाळी बुटात, टिश्यूत गुंडाळलेली सापडली. वरची सापडलीच नाही. नवी करून मिळायला सात आठवडे गेले आणि तेवढ्यात माईंचं अडीच किलो वजन उतरलं.

वस्तू हरवली की ती 'हरवली' अशी नोंद होत नाही, माणूस आणखी बिघडलं अशी होते. कानातलं यंत्र गेलं की 'हल्ली प्रतिसाद देत नाहीत'. चष्मा गेला की 'ओळखत नाहीत'. कवळी गेली की 'खात नाहीत'. डिमेन्शिया झालेल्या माणसाला 'माझं यंत्र सापडत नाहीये' हे वाक्य जुळवता येत नाही, त्यामुळे शंका सगळ्यात आधी त्याच्या मेंदूवर जाते. ऐकू न येणं आणि न दिसणं या दोन्ही गोष्टींना लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानं डिमेन्शियाच्या चौदा धोक्यांमध्ये धरलंय. ते धोके आजार होण्याआधीचे. पण आजार झाल्यावर उरलेलं ऐकणं-बघणंही एखाद्या चादरीबरोबर लाँड्रीत जात असेल, तर औषधांचा काय उपयोग?

हा एका घरापुरता प्रश्न नाही. अल्झायमर सोसायटी ऑफ कॅनडाच्या २०२२ च्या अभ्यासानुसार २०२० मध्ये या देशात ५ लाख ९७ हजार लोकांना डिमेन्शिया होता. २०३० पर्यंत हा आकडा दहा लाखांच्या घरात जाईल आणि २०५० पर्यंत १७ लाखांच्या पुढे. याच संस्थेच्या २०२४ च्या दुसऱ्या अहवालात आपल्याला थेट लागू पडणारी गोष्ट आहे : आशियाई वंशाच्या रुग्णांची संख्या २०२० ते २०५० या काळात ७८५ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे जवळजवळ नऊपट होईल. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेली आपली पिढी आणि नंतर मुलांनी बोलावून घेतलेले आईवडील, दोघंही त्यात आले. ओंटारिओत लाँग टर्म केअरच्या जागेसाठी ४० हजारांहून जास्त लोक रांगेत आहेत. म्हणजे माईंच्या लाउंजमध्ये आज एक मराठी आजी असतील, तर दहा-पंधरा वर्षांनी तुमच्या-माझ्यातलेच काहीजण तिथे बसलेले असणार.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कारण कवळीच्या प्रकरणानंतर मी तो वाचून काढला, आणि वाचल्यावर राग वाढला. कायदा वाईट आहे म्हणून नव्हे, चांगला आहे म्हणून.

कोविडच्या पहिल्या लाटेत इथल्या काही होम्समध्ये सैन्य बोलवावं लागलं होतं आणि मे २०२० मध्ये सैन्याचा अहवाल बाहेर आल्यावर सगळा देश हादरला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर 'फिक्सिंग लाँग टर्म केअर ॲक्ट, २०२१' आला आणि ११ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यात रहिवाशांच्या हक्कांची सनद आहे, एकूण २९ हक्क. आपल्या खोलीत आपल्या वस्तू, फोटो, सामान ठेवण्याचा आणि मांडण्याचा हक्क त्यातलाच एक. सुरक्षितता आणि इतरांचे हक्क सांभाळून. नियम तर आणखी बारीक आहेत. रहिवासी आल्यापासून ४८ तासांच्या आत त्याच्या कपड्यांवर आणि वस्तूंवर नाव लागलं पाहिजे. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र यांचा उल्लेख नावानिशी आहे. नवी वस्तू आणली तरी तेच, ४८ तास. कपड्यावरचं नाव मानमर्यादा राखून लावायचं, म्हणजे छातीवर मार्करनं खरडायचं नाही. हरवलेल्या वस्तू कळवण्याची आणि शोधण्याची पद्धत प्रत्येक होममध्ये असलीच पाहिजे. शिवाय सकाळ-संध्याकाळ तोंडाची स्वच्छता, त्यात कवळी धुणं आलं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सकाळ-संध्याकाळ कवळी धुवायची, तर ती नाही हे बारा तासांत कळायला हवं होतं. आमच्याकडे अकरा दिवस लागले. म्हणजे बावीस वेळा कुणीतरी ते काम 'झालं' असं धरलं. मी लेखी तक्रार केली. लेखी तक्रारीला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं होमवर बंधनकारक असतं, आणि उत्तर आलंही : क्षमस्व, कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देऊ, मात्र प्रवेशाच्या करारानुसार वैयक्तिक वस्तूंची जबाबदारी होम घेत नाही. करार काढून बघितला. खरंच होतं ते, आणि खाली आमचीच सही. त्या दिवशी चाळीस सह्या केल्या होत्या, एकही ओळ वाचली नव्हती.

नियमातली फट इथे आहे. नाव लावायला ४८ तासांची मुदत आहे, पण हरवलेलं शोधायला कुठलीच मुदत नाही. पद्धत असली पाहिजे, एवढंच. ती पद्धत म्हणजे अनेक ठिकाणी तळघरातलं एक कपाट, त्यात बेवारस मोजे, तीन चष्मे, एक कवळी, आणि घरच्यांना 'हवं तर बघून घ्या'.

पण सगळा दोष कर्मचाऱ्यांवर टाकणं सोपं आहे आणि चूकही. नव्या कायद्यानं दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी चार तास प्रत्यक्ष काळजीचं उद्दिष्ट ठेवलंय. हे चार तास सगळ्या प्रांताची सरासरी आहे, तुमच्या आईला चार तास मिळतीलच अशी हमी नाही. त्यात उठवणं, आंघोळ, कपडे, तीन वेळचं भरवणं, औषधं, रात्रीची कूस बदलणं सगळं आलं. सकाळी सात ते नऊ या वेळात एकेका पीएसडब्ल्यूला आठ-दहाजणांना तयार करायचं असतं. समोर जो स्वेटर आला तो चढवला जातो. त्यात डिमेन्शियाच्या वॉर्डात रहिवासी स्वतःच हिंडतात, दुसऱ्याच्या खोलीत शिरतात, कपाट उचकतात, आवडलेलं बरोबर घेऊन जातात. ज्याला आपलं घर सापडत नाहीये तो माणूस प्रत्येक दारात ते शोधणार. आणि सापडलेली वस्तू जपून ठेवण्याची आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आजारातही जात नाही. माई पेपर नॅपकिन, साखरेच्या पुड्या, दुसऱ्याचे मोजे, सगळं नीट घडी करून उशीखाली ठेवतात. शिक्षिकेचा पगार आणि चार मुलांचा संसार, दुसरं काय होणार?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. कवळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, माई म्हणायला लागल्या, "ती रात्रीची बाई माझ्या पाटल्या नेते." पाटल्या तर आम्ही तीन वर्षांपूर्वीच काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यात. पण बघितलं तर बोटातली आंगठी खरंच नव्हती. मी त्याच रात्री तक्रार लिहिली आणि रात्रीपाळीच्या बाईंचं नाव त्यात घातलं. त्या जमैकाच्या, पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्या. त्यांची चौकशी झाली. नवव्या दिवशी आंगठी माईंच्याच टिश्यूच्या खोक्यात, तळाशी सापडली. मी माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "होतं असं, आम्हाला सवय आहे." ही सवय त्यांना कशामुळे झाली असेल, याचा विचार त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. त्या बाई आपल्यापैकी कुणी असत्या, तर मी नाव इतक्या पटकन लिहिलं असतं का?

चोऱ्या होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. होतात, आणि ओंटारिओच्या नियमांत रहिवाशाच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा गैरवापर हा आर्थिक छळ धरला जातो, त्याची दखल घ्यावीच लागते. पण 'माझं चोरलं' हे डिमेन्शियातलं फार नेहमीचं वाक्य आहे. आपण ठेवलेलं आठवत नाही, वस्तू तर जागेवर नाही, मग मेंदू जमेल तशी गोष्ट जुळवतो. आधी शोधायचं, मग लिहून कळवायचं, आणि पुरावा मिळेपर्यंत कुणाचं नाव घालायचं नाही, हा धडा मी एका कष्टाळू बाईच्या जिवावर शिकले. शोधण्याच्या जागाही आता पाठ झाल्यात : उशीचा अभ्रा, टिश्यूचं खोकं, बुटाचं टोक, गाऊनचे खिसे, कुंडीतली माती, जेवणाचा ट्रे, कचऱ्याची बादली. कवळ्या आणि यंत्रं सगळ्यात जास्त ट्रेवरून आणि चादरीतून जातात.

आता मुद्द्याचं. ४८ तासांत लावलेलं ते नाव नेमकं कुणासाठी असतं? माईंच्या प्रत्येक कपड्याच्या मानेमागे इंग्रजीत आडनाव आणि खोलीचा नंबर आहे. तो लाँड्रीवाल्याला कळतो. माईंना तो दिसतही नाही, आणि दिसला तरी त्यांना त्याचा काही बोध होत नाही. माई इंग्रजी वाचायच्या, पण या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी जाते आणि लहानपणची मागे राहते. आठवणींचंही तसंच. कालचं जातं, विशीतलं राहतं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' ज्यांनी पाहिलाय त्यांना मोहन आगाशेंनी केलेले संस्कृतचे पंडित आठवतील. सभोवतालचं जग निसटत असताना जुन्या विद्येचे तुकडे जागे असणारे. म्हणजे वस्तूंना खरं तर दोन नावं लागतात. एक दुसऱ्यांनी वस्तू परत आणून द्यावी म्हणून. आणि दुसरं, ज्याची वस्तू आहे त्याला 'ही माझी' असं वाटावं म्हणून. कायद्यानं पहिल्याची सोय केलीय. दुसऱ्याची सोय घरच्यांनीच करायची आहे, कारण ती माहिती फक्त घरात असते.

आमच्याकडे ही माहिती ताईंकडे निघाली. मी फोनवर कुरकुरत होते, तर म्हणाल्या, "आपल्याकडे काय कमी खुणा होत्या का गं? परीट बिब्ब्यानं खूण करायचा, ती कितीही धुतली तरी जात नव्हती. आणि भांड्यांवर तर आई स्वतः उभी राहून नावं घालून घ्यायची." त्या बोलल्या नि मला माळ्यावरचा डबा आठवला. त्यात माईंचा स्टीलचा पेला होता, आम्ही 'जुना झाला' म्हणून ठेवून दिलेला. त्यावर भांडीवाल्यानं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माईंचं नाव, आणि खाली वर्ष १९६४, त्यांच्या लग्नाचं.

पेला नेऊन हातात दिला. माईंनी बघितलं नाही, अंगठ्यानं चाचपलं. ठिपक्यांवरून अंगठा दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, "हा माझा. याच्यात कुणी चहा दिला? याच्यात ताक पितात." गेल्या वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. आता पाणी देताना तोच पेला वापरतात. होमच्या भांडी धुण्यात तो जाऊ नये म्हणून खोलीतच ठेवतो, तिथल्या मुलीच धुतात. इतर ग्लासातलं पाणी माई अर्धं टाकतात, पेल्यातलं संपवतात. याला मी संशोधन म्हणणार नाही. पण पाणी कमी पडून वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बाईसाठी हे काही लहान नाही.

या दिशेनं इथे संस्थांच्या पातळीवरही काम झालंय. आपल्या शेजारच्या पील भागात, माल्टन व्हिलेज या सरकारी होमच्या एका डिमेन्शिया विभागात २०१७ मध्ये 'बटरफ्लाय' नावाची ब्रिटनमधून आलेली पद्धत सुरू झाली. रंगवलेल्या भिंती, हाताळता येतील अशा ओळखीच्या वस्तू समोर मांडलेल्या, कर्मचाऱ्यांनी युनिफॉर्मची शिस्त बाजूला ठेवून माणसाशी बोलायचं. 'टोरांटो स्टार'मध्ये २०१८ साली त्यावर मोठी लेखमाला आली आणि पील प्रशासनानं नंतर ती पद्धत पुढे वाढवली. वस्तू कुलपात घालण्यापेक्षा त्या हाताशी ठेवल्या की उचकाउचकी कमी त्रासाची होते, हा त्यातला साधा विचार. अनेक होम्समध्ये खोलीच्या दाराशी काचेची छोटी पेटी असते, आठवणींची. आपल्यातले लोक तिच्यात नातवंडांचे पदवीदानाचे फोटो लावतात. चूक. माई स्वतःचा आजचा फोटो दाखवला तर 'या कोण बाई' म्हणतात. आम्ही तिथे त्यांचा पंचविशीतला, शाळेच्या मुलांबरोबरचा फोटो लावला आणि खाली देवनागरीत मोठ्या अक्षरात 'बाई' एवढंच लिहिलं. शाळेत त्यांना सगळे बाईच म्हणायचे. आता दार चुकणं कमी झालंय.

ज्यांच्यावर ही वेळ येऊ घातलीय त्यांच्यासाठी आमच्या चुकांमधून निघालेल्या चार गोष्टी सांगते. पहिली म्हणजे वेळेची. इथे जागा मिळाल्याचा फोन आला की हो-नाही सांगायला २४ तास आणि राहायला जायला पाच दिवस मिळतात. हॉस्पिटलमधून जायची वेळ आली तर २०२२ च्या कायद्यामुळे आपण न निवडलेल्या, ७० किलोमीटरपर्यंतच्या होममध्येही पाठवता येतं, आणि नकार दिला तर दिवसाला ४०० डॉलर आकार. म्हणजे ओकव्हिलच्या हॉस्पिटलमधून माणूस एका पिशवीनिशी हॅमिल्टनच्या पलीकडे पोचू शकतो. तेव्हा कुठल्या वस्तू न्यायच्या हे शांतपणे ठरवायला सवड नसते. यादी आत्ताच करा, तब्येत बरी असताना, आणि त्यांना विचारून करा. माईंना आम्ही विचारलंच नाही. त्यांनी पेला सांगितला असता.

दुसरी, होम निवडताना. पाच नावं देता येतात. प्रत्येक होमचे सरकारी तपासणी अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात, ते वाचा. भेटीत विचारा : लाँड्री इथेच होते की बाहेर जाते, नाव कोण लावतं, हरवलेल्या वस्तूंचं कपाट कुठे आहे. ते कपाट दाखवायला सांगा. त्यावरून फार कळतं. आणि रिटायरमेंट होम म्हणजे लाँग टर्म केअर नव्हे, तिथे कायदा वेगळा, २०१० चा, हे ध्यानात ठेवा.

तिसरी, सामानाची. पहिल्याच दिवशी प्रत्येक वस्तूचा फोनवर फोटो काढा आणि यादी होमच्या फाइलला लावायला सांगा, तारखेसह. कवळी करतानाच दंतवैद्याला आत नाव घालायला सांगा, नंतर घालता येतं पण आधीचं टिकतं. श्रवणयंत्राला मानेमागून कपड्याला अडकवायची दोरी मिळते. प्रांताच्या योजनेतून यंत्राच्या खर्चाचे ७५ टक्के, पण एका कानाला जास्तीत जास्त ५०० डॉलर मिळतात. बाकीचा भार आपला, त्यामुळे विम्याचं आधीच बघा. सोनं घरी ठेवा. हात मोकळा बघून त्या कासावीस होत असतील तर साध्या बांगड्या द्या, त्यांना किणकिण हवी असते. लोकर, रेशीम, कांजीवरम नको. सणाला साडी नेऊन नेसवा, फोटो काढा, साडी घरी परत आणा. पुढून बटणं असलेले सुती गाऊन सात-आठ एकसारखे घ्या. आणि जी वस्तू जिवापाड असेल, तिची दुसरी प्रत आधीच करून ठेवा.

चौथी, एकट्यानं भांडू नका. घरच्या माणसांनी मागणी केली की होममध्ये फॅमिली कौन्सिल स्थापन करता येतं, कायद्यानं तो अधिकार दिलाय. आमच्याकडे सात कुटुंबं आहोत, पंजाबी, पोर्तुगीज, चिनी, इटालियन. इटालियन आजींची लेक आमची सचिव आहे. तिच्याही आईचा चष्मा दोनदा हरवलाय. आमच्या मागण्या तीनच आहेत : कवळी, चष्मा किंवा यंत्र जागेवर नसेल तर त्याच पाळीत नोंद आणि त्याच दिवशी घरी फोन, आहार बदलण्याआधी तोंड तपासणं, आणि वर्षाला किती वस्तू हरवल्या, किती सापडल्या याचा आकडा कौन्सिलसमोर. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर 'विचार करू' म्हणालेत.

हीच मागणी प्रांताकडेही करायला हवी. डिमेन्शियाच्या काळजीसाठी प्रांताचा आराखडा करावा असं सांगणारा कायदा ओंटारिओच्या विधिमंडळानं २०२४ मध्ये मंजूर केलाय. अशा आराखड्यांत मोठे शब्द येतात. हरवलेल्या कवळीसाठी शोधण्याची आणि बदलून देण्याची मुदत त्यात आली, तर रोजच्या जगण्यात फरक पडेल.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनाही दोन शब्द. हा 'तिकडचा' प्रश्न नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखजणांना डिमेन्शिया आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात काळजी केंद्रं वाढताहेत आणि त्यांत ठेवलेल्या अनेक आईवडिलांची मुलं आमच्यासारखी परदेशात आहेत. इथल्यासारखेच प्रश्न तिथेही विचारा. कवळीवर नाव आहे का? रात्री चष्मा कुठे ठेवतात? आणि परदेशातल्या भावजयीनं व्हिडिओ कॉलवर कपाट दाखवायला सांगितलं तर 'हिला आमच्यावर विश्वास नाही' असं मनात आणू नका. जुन्या अल्बममधल्या फोटोंमागे नावं लिहून पाठवा. कुणाला काय आवडायचं, कुठल्या भांड्यात ताक प्यायचे, कुणाला काय म्हणून हाक मारायचे, हे तुम्हालाच माहीत आहे. आम्ही लग्न होऊन आलो किंवा लहानपणीच देश सोडला, आमच्याकडे ती माहिती नाही.

ताई सध्या पुन्हा विणतायत. या वेळी लोकर नाही, मशीनमध्ये धुता येणारं ॲक्रिलिक. दोन स्वेटर, दोन्ही जांभळे. माईंच्या स्वेटरवर पुढे, हाताला लागेल असं, जाड दोऱ्यानं नाव भरणार आहेत, मराठीत. दुसरा इटालियन आजींचा. त्यांच्या लेकीला मी विचारून ठेवलंय, त्यांच्या आईला लहानपणी घरी काय म्हणत असत ते.